जत्रेला आलेले सगळेच खाजं घेतात का?

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका चौतीस वर्षांच्या वाचक भगिनीचं पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. सासरचा धंदा पिढीजात खाज्याचा, म्हणजे बेसनाच्या तळलेल्या काड्या आल्या-गुळाच्या पाकात घोळवून विकायचा. कार्तिकापासून वैशाखापर्यंत जत्रांत आणि फेस्तांत (चर्चच्या सणांत) पसरा मांडायचा आणि पावसाळ्याचे चार महिने हातावर हात धरून बसायचं. गेल्या डिसेंबरात त्यांनी इन्स्टाग्रामवर पान उघडलं. सासऱ्यांचे हात कढईत खाजं परततायत अशी एक रील 4 लाख 12 हजार वेळा पाहिली गेली आणि फॉलोअर 11,400 झाले. पण सात महिन्यांत ऑर्डरी आल्या 63, माल गेला 71 किलो, 280 रुपये किलोनं. खर्च झाला तो असा: पोस्ट बूस्ट करायला, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दाखवायला, 14,500, एका फूड ब्लॉगरला 12,000, पाऊच आणि स्टिकरांना 11,500. आता एक एजन्सी महिन्याला 15,000 रुपये मागते, करार सहा महिन्यांचा, महिन्याला बारा रील आणि '50 हजार फॉलोअर नक्की'. नवरा म्हणतो, पान बंद कर. सासरे एवढंच म्हणाले, "जात्रेक आयिल्ले सगळेच खाजें घेतात?" ताई विचारतात: "रील तर चालली, मग माल का जात नाही? मी कुठे कमी पडते? एजन्सीसाठी पाटल्या तारण ठेवाव्या लागतील. ठेवू का?"

पाटल्या ठेवू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

तुमचं पत्र मी दुसऱ्यांदा वाचलं ते कागद-पेन घेऊन. इतके चोख आकडे फार कमी लोक पाठवतात, तेव्हा 'मी कुठे कमी पडते' हा प्रश्न आपण इथेच सोडून देऊ. बूस्ट आणि ब्लॉगर मिळून 26,500 झाले. ऑर्डरी 63. म्हणजे एका ऑर्डरमागे नुसत्या जाहिरातीचे 420 रुपये. आणि एका ऑर्डरीची विक्री किती? 71 किलोचे 19,880 रुपये आले, त्याला 63 नं भागलं की 315. तीनशे पंधरा रुपयांचं गिऱ्हाईक आणायला चारशेवीस रुपये गेले. पाऊच मी धरलेच नाहीत, ते अजून कपाटात पडून असतील.

आता एजन्सीचं बघा. तुम्ही लिहिता की बेसन, गूळ, तेल, गॅस वजा जाऊन किलोमागे 120 रुपये हातात राहतात. तर 15,000 रुपये फी फेडायलाच महिन्याला 125 किलो जादा खाजं विकलं पाहिजे. तुम्ही दोघं आणि सासरे मिळून दिवसाला 25 किलो काढता. म्हणजे महिन्यातले पाच पूर्ण दिवस तुम्ही चुलीपुढे उभे राहणार ते एजन्सीसाठी. आणि एजन्सीनं कागदावर काय लिहून दिलंय? फॉलोअर. किलो लिहून दिलेत का? '125 किलोच्या वर विक्री गेली तरच फी' असं एकदा त्यांना म्हणून बघा आणि फोनवर किती वेळ शांतता पसरते ते मला कळवा.

तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. रील चालली मग माल का गेला नाही, असं विचारताना तुम्ही धरून चालला आहात की जो बघतो तो अर्धा गिऱ्हाईक झालाच. हे मला पटत नाही. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये, म्हणजे पानाच्या आकडेवारीत, बघणाऱ्यांच्या शहरांची यादी असते; त्या यादीत, तुम्हीच लिहिलंय, पहिल्या पाचांत गोव्यातलं एकही गाव नाही. दूर कुठल्या तरी शहरात एक मुलगा रात्री अंथरुणात पडून गुळाचा पाक उकळताना बघतो. बघायला छान वाटतं, बदाम दाबतो, अंगठा वर सरकतो, पुढे मांजर येतं. त्यानं तुम्हाला फसवलं नाही. त्याला खाजं नकोच होतं, त्याला उकळता पाक बघायचा होता. आणि तो तिथे जितका वेळ रेंगाळेल तितकं त्या कंपनीला हवं असतं. तो बाहेर पडून तुमच्याकडून अर्धा किलो मागवतो की नाही, याचं तिला सोयरसुतक नाही.

सासऱ्यांचं वाक्य तुम्ही टोमणा म्हणून लिहिलंय. मला तर त्यात अख्ख्या धंद्याचा अभ्यास दिसला. बोडगेश्वराच्या जत्रेत किती माणूस लोटतं! त्यातले थोडेच तुमच्या पसऱ्यापुढे थांबतात. पण जे थांबतात ते का थांबतात? आल्याचा आणि गुळाचा वास नाकात गेलेला असतो हे एक. दुसरं कारण मोठं आहे. जत्रेहून हात हलवत घरी जायचं नसतं. शेजारणीला, म्हाताऱ्या आत्याला, कामावरच्या मंडळींना चार-चार काड्या द्यायच्या असतात. जत्रेला जाऊन आल्याची खूण म्हणजे खाजं. मंगळवारी दुपारी सहज आठवण झाली म्हणून कोणी खाजं विकत घेत नाही हो. जिलबी घेईल, भजी घेईल. खाज्याला निमित्त लागतं, आणि रीलमध्ये निमित्तच नव्हतं. त्या 63 ऑर्डरींतल्या 40 मुंबई-पुण्याच्या होत्या असं तुम्ही म्हणता. त्या 40 जणांना एकदा फोन करून विचाराल का, की तुम्ही मूळचे कुठले? माझी पैज आहे, निम्म्याहून जास्त जण पेडणे, डिचोली, सत्तरी नाहीतर अंत्रुजातले (फोंड्याकडचे) निघतील. ज्यांची जत्रा चुकली, ती माणसं तुमचं खरं गिऱ्हाईक.

थोडं स्वतःचं सांगते. फोंड्याच्या बाजारात आमचं सोळा वर्षं कापडाचं दुकान होतं. शेवटच्या काही वर्षांत आम्हीही एका माणसाला फेसबुकचं पान सांभाळायला पैसे दिले. दिवाळीला दिव्यांचं चित्र, पाडव्याला गुढीचं चित्र, खाली आमचं नाव. लाइक करणाऱ्यांत दुकानदारच जास्त होते, आम्ही एकमेकांची चित्रं लाइक करत बसायचो. आणि आमच्याकडे एक जुने नोकर होते, त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची वही. त्यात 'कवळे, मोठ्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात, आईला काठ जाड लागतो' असं काहीबाही लिहिलेलं असे, शेजारी फोन नंबर. कार्तिक लागला की ते दुपारी एक-एक नंबर फिरवायचे. दुकानाचा लग्नसराईचा धंदा त्या वहीवर चालला, हे आम्हाला कळलं ते निवृत्त होऊन घरी गेले तेव्हा. वही सोबत घेऊन गेले. त्यांचीच होती.

तुमच्याकडे ती वही नाही. एका मोठ्या जत्रेत रात्रीत शंभर किलो जातं म्हणता. अर्ध्या किलोची पुडी धरली तर दोनशे माणसं तुमच्यासमोर हातभर अंतरावर उभी राहून, पैसे मोजून, खाजं घेऊन गेली. त्यातल्या किती जणांना तुमचं नाव माहीत आहे? त्यांना खाजं माहीत आहे. ओळीनं लागलेल्या पसऱ्यांतला तुमचा कुठला, हे सकाळपर्यंत विसरलेलं असतं. चार लाख अनोळखी माणसांनी तुम्हाला पाहिलं आणि ज्या दोनशेंनी तुमचं खाल्लं त्यांना तुम्ही सापडत नाही. मोबाईल कामाला लावायचा तो इथे.

आणि हल्ली हे सोपं झालंय, कारण पैसे देताना गिऱ्हाइकाच्या हातात मोबाईल असतोच. यूपीआयच्या क्यूआरशेजारी दुसरा क्यूआर लावा, व्हॉट्सअॅप बिझनेसचा. ते अॅप फुकट आहे, त्यातच हा क्यूआर तयार करून मिळतो आणि स्कॅन केल्यावर कुठलं वाक्य आपोआप लिहिलेलं यावं तेही ठरवता येतं. 'पुढच्या जत्रेची खबर द्या' एवढं ठेवा. गिऱ्हाइकानं पाठवायचं बटण दाबलं की नंबर तुमच्याकडे आला, आणि तोही त्याच्या राजीखुशीनं. गर्दीत नेटवर्क बसतं हे मला ठाऊक आहे, म्हणून पुडीवर रबरी शिक्का हवाच. आज तुम्ही पसऱ्यावर कोऱ्या पिशवीतून माल देता आणि छापील पाऊच फक्त कुरियरला वापरता. उलटं झालंय ते. वर्षभराचा बहुतेक माल जत्रेत जातो आणि त्याच पिशवीवर नाव नाही!

नंबर जमले की त्यांचं काय करायचं, यात बरेच जण घाण करतात. रोज सकाळी फुलं आणि सुविचार पाठवले की माणूस आठव्या दिवशी तुम्हाला ब्लॉक करतो. न विचारता कोणाला ग्रुपमध्ये कोंबू नका, ब्रॉडकास्ट यादी करा, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला स्वतंत्रपणे जातो. एका यादीत 256 नंबर मावतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून पहिल्या उत्तरातच 'नंबर खाजेवाले म्हणून सेव्ह करा' असं सांगा. मग वर्षाला आठ-दहा निरोप पुरे. '3 डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्ताला आहोत, यंदा पसरा अमुक बाजूला.' 'परवा शिरगावला, देवळाकडे वळलात की उजव्या हाताला तिसरे.' यात कुठेही 'आमचं खाजं सर्वोत्तम' नाही. कुठे आहोत आणि केव्हा आहोत, गिऱ्हाइकाला एवढंच हवं असतं.

आता पावसाळा. तुमच्या पत्रात हा अर्ध्या ओळीत येऊन जातो, पण मूळ दुखणं तेच आहे असं मला वाटतं. चार महिने आवक नाही म्हणून ऑनलाइनचा विचार आला, हो ना? पण याच महिन्यांत खाजं पाठवायला सगळ्यात वाईट. गूळ हवेतली ओल ओढतो. कढईत हात एक घटकाभर थांबला तर काड्यांचा गोळा होतो हे तुम्ही रोज बघता, जुलैत कुरियरच्या गोदामात दोन दिवस पडलेल्या पाऊचमध्ये दुसरं काय होणार? 'चिकट निघालं' अशा तीन तक्रारी आल्या त्या जूननंतरच्या, हे तुम्हीच लिहिलंय. जाहिरात कितीही केली तरी ओल काही ऐकत नाही.

पावसाळ्यात निमित्त कुठलं, असा विचार करू. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. गोव्यात चवथीला लेकीच्या घरी व्हजें, म्हणजे माहेरच्या फराळाची टोपली, जातं. नेवऱ्या, लाडू, शंकरपाळे, करायला चार हात लागतात आणि हल्ली घरोघरी दोघंही कामावर. तुमच्याकडे मोठी कढई आहे, तळणाचा हात आहे, भट्टी चार महिने थंड आहे. तालुक्यापुरतं व्हजें घ्यायला सुरुवात करा. माल स्वतः नेऊन द्यायचा, कुरियर नाही, चिकटण्याची भीती कमी. चवथीला दीड महिना आहे, म्हणून हे पहिलं काम. 63 जणांतले गोव्यातले जे 23 आहेत त्यांना, आणि तुमच्या माहेरच्या-सासरच्या ओळखीच्यांना व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवा: टोपलीत काय काय येईल, किती नग, किंमत काय, शेवटची तारीख कुठली. पहिल्या वर्षी पंधरा टोपल्यांच्या वर घेऊ नका आणि निम्मे पैसे आगाऊ घ्या. सोळाव्याला नाही म्हणायला जड जाईल, तरी म्हणा. चवथीच्या आदल्या दिवशी उशिरा पोचलेलं व्हजें म्हणजे दोन घरांत भांडण आणि त्यात तुमचं नाव.

कायद्याची बाजू झटपट सांगते, कारण तुमच्यासारख्या बऱ्याच जणी इथे नकळत अडकतात. गोव्यातल्या गोव्यात माल विकताना जीएसटी नोंदणीसाठी 40 लाखांच्या उलाढालीची मर्यादा आहे. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा म्हटलं की उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. मुंबई-पुण्याच्या त्या 40 पार्सलांबद्दल एकदा सीएला भेटून या, घाबरून नका जाऊ, पण पुढचं पार्सल त्यानंतर पाठवा. लेबलावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा नोंदणीचा) 14 आकडी क्रमांक, वजन, किंमत, बनवल्याची किंवा पॅक केल्याची तारीख, पत्ता आणि तक्रारीसाठी फोन हवा. गोव्याच्या खाज्याला 2021 साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं ही आपल्या अभिमानाची गोष्ट. मात्र म्हणून ते जीआय चिन्ह कोणीही आपल्या पाऊचवर छापू शकत नाही, त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. तुम्ही वर्षानुवर्षं खाजंच करताय, तेव्हा ती नोंद करून घ्या. बारा हजाराच्या ब्लॉगरपेक्षा ते चिन्ह पर्यटकाला जास्त काही सांगेल.

ब्लॉगरचा विषय निघालाच आहे तर, पैसे घेऊन केलेली रील जाहिरात आहे असं स्पष्ट दिसलं पाहिजे, हे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी 2023 मध्येच सांगून ठेवलंय. तुमच्या त्या पाहुण्यानं तसं लिहिलं नव्हतं आणि वर खाज्यानं 'इम्युनिटी वाढते' असं ठोकून दिलं. ती रील आधी काढायला लावा. तळून गुळात घोळवलेलं बेसन आहे ते, औषध नव्हे. पुढे कोणी ब्लॉगर आलाच तर पैशाचं बोलण्याआधी त्याचे बघणारे कुठल्या गावचे आहेत त्या पडद्याचा फोटो मागा. म्हापसा, पणजी, मडगाव दिसलं नाही तर नमस्कार.

मग पान बंद करायचं का? नाही. नवऱ्याचं म्हणणं रागातून आलंय आणि खर्चाचे आकडे बघता तो राग मला कळतो. पण पान फुकट आहे, महाग होतं ते बूस्ट. पानाला पत्त्याची पाटी समजा. वर व्हॉट्सअॅपचा नंबर, गावाचं नाव, येत्या जत्रांच्या तारखा. आठवड्याला एक काहीतरी टाकलंत तरी चालेल, चवथीच्या गडबडीत पंधरा दिवस काहीच टाकलं नाहीत तरी आभाळ कोसळत नाही. बूस्ट करावंसं वाटलंच तर मोठ्या जत्रेच्या आधी तीन दिवस, फक्त त्या तालुक्यापुरतं, पाचशे रुपयांचं. भाषेबद्दल विचारलंत, मराठी की कोकणी की इंग्रजी? पसऱ्यावर गिऱ्हाइकाशी बोलता तीच. कोणाला कळली नाही तर तो विचारेल, आणि विचारणारा बहुधा घेतोही. आणि हो, पैसे आल्याचा स्क्रीनशॉट कोणी पाठवला तर तो बघून पुडी हातात देऊ नका, आपल्या अॅपमध्ये रक्कम जमा झालेली बघा. जत्रेच्या गर्दीत असे स्क्रीनशॉट दाखवणारेही येतात.

राहिले सासरे. ते आता शूटिंगला बसत नाहीत म्हणून तुम्ही खट्टू झालात. त्यांना विचारलं होतं का पहिल्या वेळी? तुमच्या पत्रात तसं कुठे दिसलं नाही. चार लाख माणसांनी आपले हात पाहिले हे त्यांना शेजारच्या पोरानं येऊन सांगितलं, असं तुम्ही लिहिता. कॅमेरा राहू द्या थोडे दिवस. त्यापेक्षा संध्याकाळी त्यांच्याजवळ एक वही घेऊन बसा आणि विचारा, अमक्या जत्रेला दरवर्षी कोण कोण येतं? मला खात्री आहे, त्यांना नावं नसतील माहीत, पण 'ती उंच बाई, मुलगी मुंबईला, दोन किलो नेते, काड्या कडक लागतात' असं ते वीस-तीस जणांबद्दल सांगतील. लिहून घ्या सगळं. यंदा ती बाई आली की नंबर मागायचं काम त्यांनाच द्या. तुम्ही मागितला तर ती विचार करेल, त्यांनी मागितला तर लगेच देईल.

शिक्का करायला टाकाल तेव्हा नंबर मोठा घ्या, फुलाबिलांची नक्षी नको. जत्रेतल्या दिव्याखाली, चष्मा घरी विसरलेल्या माणसाला वाचता आला पाहिजे. नंबराखाली गावाचं नाव घाला. आणि दोन शिक्के करा, एक पहिल्याच जत्रेत हरवतो.